एका रिक्षात दोन मीटर

स्वारगेटहून कोथरूडला रिक्षानं निघालं की दांडेकर पुलाच्या सिग्नलला हमखास थांबावं लागतं. रिक्षा उभी, मीटर चालू. आकडा बदलला की माझ्या पोटात बारीकशी कळ येते. खोटं सांगत नाही, खरोखर येते. शेजारी नवरा बसलेला असतो. मीटरकडे त्याचं लक्षही नसतं. तो रस्त्यापलीकडच्या भेळेच्या गाडीकडे बघत असतो. एकदा न राहवून मी म्हटलं, "अरे, उतरू या का इथंच? म्हात्रे पुलापर्यंत चालत जाऊ, पुढं बस मिळेल." तो म्हणाला, "अगं, बस की निवांत. वीस रुपयांनी काय होतंय?"

तो कोल्हापूरचा, मी लालबागची. हा तपशील पुढे लागणार आहे.

रिक्षा एक, भाडं एक, पैसे जाणार तेही दोघांच्या सामाईक खात्यातून. मग मीटर पडल्यावर जे माझ्या पोटात होतं, ते त्याच्या पोटात का होत नाही? पंचवीस वर्षं मी या प्रश्नाची 'स्वभाव' या एका शब्दात बोळवण करत होते. अलीकडे या विषयावरचं संशोधन वाचत गेले आणि चक्रावले. माणसं हा प्रश्न घेऊन थेट मेंदूच्या आत जाऊन आली आहेत.

मराठीला मात्र यातलं बरंच आधीपासून ठाऊक असावं. खर्चाविषयी बोलताना आपण आकड्यांची भाषा वापरतच नाही, अंगाची वापरतो. पैसे काढायचं 'जिवावर येतं'. साठवायचे तर 'पोटाला चिमटा' काढावा लागतो. एकाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता. बिल बघून डोळे पांढरे होतात. ओफर झेलरमायर नावाच्या एका संशोधकानं १९९६ साली आपल्या प्रबंधात नेमकी हीच गोष्ट पकडली आणि तिला 'पैसे देण्याची वेदना' असं नाव दिलं. वेदना म्हणजे फारच झालं. मी आपली कळ म्हणते. दोनच वर्षांनी ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी तिचं गणित मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उपभोग आणि पैसे देणं या दोन गोष्टी मनात एकमेकींना चिकटलेल्या असतात. आइस्क्रीम खाताना बिल आठवलं की चव जाते, आणि बिल देताना आइस्क्रीम आठवलं की कळ कमी होते. टॅक्सीचं किंवा रिक्षाचं मीटर वाईट यासाठी, की ते प्रत्येक क्षणाचं सुख आणि त्याची किंमत एकाच वेळी, डोळ्यांसमोर, टिकटिक करत मांडतं. उलट सहलीचे पैसे तीन महिने आधी भरलेले असले, तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी फुकटात मिळाल्यासारखी लागते.

मग २००७ साली ब्रायन नट्सन, स्कॉट रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कळ मेंदूत कुठं उमटते ते बघायचं ठरवलं. त्यांनी २६ जणांना एफएमआरआय यंत्रात झोपवलं. मेंदूच्या कुठल्या भागाकडे रक्त जास्त धावतंय ते हे यंत्र दाखवतं. प्रत्येकाला खर्चायला खरे डॉलर दिले. पडद्यावर आधी वस्तू दिसायची, समजा चॉकलेटचा डबा. काही सेकंदांनी त्याखाली किंमत यायची. मग घ्यायचं की नाही, ते बटण दाबून सांगायचं. वस्तू आवडली की न्यूक्लियस अॅक्युम्बेन्स नावाचा भाग जागा व्हायचा; काहीतरी चांगलं मिळणार याची चाहूल लागली की तो उसळतो. किंमत जास्त वाटली की इन्सुला हा वेगळाच भाग हलायचा. हा भाग घाणेरड्या वासानंही हलतो, अंगाला इजा झाली तरी हलतो, कुणी आपल्याशी अन्यायानं वागलं तरीही हलतो. आणि बटण दाबायच्या आधीच, या हालचालींवरून माणूस घेणार की सोडणार याचा अंदाज बांधता येत होता!

(इन्सुला इतरही पुष्कळ कामं करते. त्यामुळे 'मेंदूतलं चिक्कूपणाचं केंद्र सापडलं' असं कुणी छापलं तर चहात बुडवून सोडून द्यावं.)

मला यातली खरी अचंब्याची गोष्ट वेगळीच वाटते. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला शहाणा माणूस नऊशेचा शर्ट हातात घेऊन विचार करतो, की या नऊशे रुपयांत दुसरं काय आलं असतं? आपल्यातला एक तरी माणूस दुकानात असा उभा राहतो का? लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या गर्दीत तर सोडाच. दुसरं काय आलं असतं ही लांबलचक आकडेमोड करायची वेळ येऊ नये म्हणून जणू शरीरानं कळेची सोय केली आहे. ती ब्रेकसारखी काम करते. गडबड एवढीच, की प्रत्येकाच्या गाडीचा ब्रेक वेगळा लागतो. काहींचा नुसत्या स्पर्शानं लागतो, काहींचा पाय पार खाली टेकला तरी लागत नाही.

हे मोजायलाही एक मोजपट्टी तयार झाली. रिक, सिंथिया क्रायडर आणि लोवेनस्टाईन यांनी १३,०००हून जास्त लोकांना प्रश्न विचारून ती २००८ साली प्रसिद्ध केली. एका टोकाला चिक्कू, दुसऱ्या टोकाला उधळे, मध्ये बाकीचे. मला वाटलं होतं उधळ्यांची संख्या जास्त निघेल, कारण हे सगळे उत्तर अमेरिकेतले लोक. पण दोन उधळ्यांमागे तीन चिक्कू निघाले.

इथं चिक्कू हा शब्द जरा जपून वापरायला हवा. आपण चिक्कू आणि काटकसरी यांना एकाच पंगतीला बसवतो. संशोधकांनी त्यांची पानं वेगळी मांडली आहेत. काटकसरी माणसाला साठवण्यात सुख मिळतं. पासबुकात शिल्लक वाढलेली बघून तो खुलतो, जुन्या चादरीच्या पिशव्या शिवताना गुणगुणतो. चिक्कूला असलं काही सुख नसतं. त्याला फक्त देताना त्रास होतो. म्हणजे त्याला ती वस्तू हवी असते, परवडतही असते, घेतली तर बरं होईल हेही कळत असतं, आणि तरी हात खिशात जात नाही. पुढं कित्येक महिने 'घ्यायला हवी होती' म्हणून चुटपुट. उधळ्याचं याच्या बरोब्बर उलट: कळ हवी तिथंही येत नाही, आणि घरी आल्यावर पिशवीकडे बघून पश्चात्ताप. दोघंही आपल्या स्वतःच्या मनाविरुद्ध वागत असतात. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या सासरच्या एका लग्नात न घेतलेली नारायणपेठ आठवली. दुकानात तासभर हातात धरून बसले होते. पंधरा वर्षं झाली.

त्याच अभ्यासात एक छोटा प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, की तुम्हाला फुकट डीव्हीडी मिळणार आहेत, पण त्या उद्याच घरपोच हव्या असतील तर ५ डॉलर पडतील. अर्ध्यांना तेच वाक्य एका शब्दाच्या फरकानं सांगितलं: '५ डॉलरची छोटीशी रक्कम' पडेल. उधळ्यांवर त्या शब्दाचा काही परिणाम झाला नाही. चिक्कूंमध्ये मात्र तयार होणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. छोटीशी! पाच डॉलर पाचच होते. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर किमतीआधी 'फक्त' का लिहिलेलं असतं, ते मला तेव्हा कळलं. तो शब्द माझ्यासाठी असतो. नवऱ्याला त्याची गरजच नसते.

आता लालबाग आणि कोल्हापूर.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. पगार थांबला. आई खानावळीच्या पोळ्या लाटायला लागली. घरात कुणी मोठ्यानं काही बोलत नसे, पण दर रात्री स्टोव्हशेजारी नाणी मोजली जायची आणि मोजताना आईच्या ओठांची जी हालचाल व्हायची ती मला अजून दिसते. नवऱ्याच्या घरी किराण्याचं दुकान. गल्ल्यातला पैसा सकाळी बाहेर जातो, संध्याकाळी परत येतो. उधारीवर माल जातो, पंधरा दिवसांनी वसूल होतो. पैसा फिरता राहिला तरच दुकान चालतं हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. त्याच्या लेखी गेलेला पैसा हा परत येणारा पैसा असतो. माझ्या लेखी गेला तो गेला.

लहानपणीचं असं काही माणसाला जन्मभर पुरतं का? उलरिके मालमेंडियर आणि स्टीफन नागेल या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली कित्येक दशकांची पाहणी चाळून २०११ साली दाखवलं, की ज्या पिढ्यांनी आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस जास्त पाहिले, त्या पिढ्या पुढे बाजारात पैसे घालायला बिचकतात. उत्पन्न, शिक्षण, वय सगळं जमेस धरूनही. माणूस पुस्तकातला इतिहास आणि अंगावरून गेलेला इतिहास यांना सारखं वजन देत नाही. नवरा-बायको एका ओट्याशी उभे राहून दुधाच्या बिलावरून बोलत असतात तेव्हा तिथं गिरणीचा भोंगा आणि दुकानाचा गल्लाही बोलत असतात, असं मला आता वाटतं. पण हे माझं वाटणं. चिक्कूपणा नेमका कुठून येतो, रक्तातून की घरातून, याचा निवाडा मी करणार नाही.

मग अशी दोन माणसं एकमेकांना सापडतात कशी?

पत्रिका बघताना गुण जुळवतात, खर्चाचा हात कुणी जुळवून पाहत नाही. प्रेमविवाहात तरी दिसायला हवं. रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांनी २०११ साली हेच तपासलं. अविवाहितांना विचारलं, तर ते म्हणतात की आम्हाला आमच्यासारखाच जोडीदार हवा. विवाहितांकडे पाहिलं, तर चिक्कूंनी उधळ्यांशी आणि उधळ्यांनी चिक्कूंशी लग्नं केलेली. साधारणपणे माणसं बहुतेक बाबतींत आपल्यासारख्याशीच संसार थाटतात: शिक्षण सारखं, मतं सारखी, आवडीनिवडी सारख्या. इथं मात्र उलटं. आणि कारण मोठं हळवं आहे. ज्याला आपल्या स्वतःच्या खर्चाच्या सवयीचा जितका जास्त वैताग, तितका तो विरुद्ध माणसाकडे जास्त ओढला जातो. चिक्कूला आपला चिक्कूपणा नकोसा झालेला असतो. समोर कुणीतरी मोकळ्या हाताचं दिसलं की त्याला वाटतं, अरे, असंही जगता येतं!

अगदी खरं आहे हो. आमच्या लग्नाआधी आम्ही एका हॉटेलात गेलो होतो. मी सवयीनं मेनू कार्ड उजवीकडून वाचत होते, आधी किंमत मग पदार्थ. यानं कार्ड उघडलंच नाही. वेटरला म्हणाला, "आज काय चांगलं आहे?" हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्या एका प्रश्नावर मी निम्मी पटले. आज तोच प्रश्न तो विचारतो तेव्हा मी टेबलाखालून त्याचा पाय दाबते.

अभ्यासाचा पुढचा भाग हाच आहे. ज्या फरकामुळे जोडी जमते, त्याच फरकामुळे पुढे पैशावरून खटके वाढतात आणि संसारातलं समाधान कमी होतं. आणि पैशावरचे खटके जरा वेगळ्या जातीचे असतात. २००९च्या एका अमेरिकी अभ्यासात शंभर जोडप्यांनी पंधरा दिवस घरातल्या भांडणांची रोजनिशी ठेवली. नवऱ्यानं वेगळी, बायकोनं वेगळी. सगळ्यात जास्त भांडणं पैशावरून नव्हती. मुलं आणि घरकाम पुढं होती. पण पैशाचं भांडण मिटत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा निघत होतं, जास्त झोंबत होतं. मला हे वाचून हायसं वाटलं. आमच्याकडे 'एसी लावायचा की नाही' हे भांडण २०११ सालापासून सुरू आहे. एसी २०१४ साली लागला तरी ते मिटलेलं नाही.

कळ कमी करायची औषधं बाजारात भरपूर आहेत. क्रेडिट कार्ड हे जुनं औषध. प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमआयटीच्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांमध्ये बोस्टन सेल्टिक्सच्या बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. तिकिटं बाहेर मिळत नव्हती. बंद पाकिटात बोली लिहायची. अर्ध्यांना सांगितलं पैसे रोख द्यावे लागतील, अर्ध्यांना सांगितलं कार्डानं. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट होत्या. तिकीट तेच, सामना तोच.

आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आलं आणि कार्डाचीही गरज उरली नाही. आता तर कोथिंबिरीच्या जुडीलाही मोबाइल काढतो. मला मात्र भाजीवाल्याच्या त्या बोलक्या डब्याचं फार कौतुक वाटतं, "पंधरा रुपये प्राप्त झाले" असं खणखणीत सांगणाऱ्या. तो भाजीवाल्यासाठी बोलतो, पण माझ्या कानावर पडतो आणि नोट देताना जी कळ यायची ती जशीच्या तशी परत येते. नवरा म्हणतो त्याला तो आवाज ऐकूच येत नाही. मी त्याचे कान तपासून घ्यायला सांगितले आहेत.

कळ सांभाळायची आपली घरगुती पद्धत याहून जुनी आणि, माझ्या मते, जास्त हुशार. डबे. पाकिटं. रुमालाची गाठ. दूधवाल्याचे वेगळे, फीचे वेगळे, गणपतीचे वेगळे. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञानं याला मनातली खाती असं म्हटलं; पुढे २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि बक्षिसाचं काय करणार असं विचारल्यावर ते म्हणाले, की जमेल तितक्या अविवेकानं उडवीन. थेलर एक किस्सा सांगतात. डस्टिन हॉफमन आणि जीन हॅकमन हे नट नावारूपाला यायच्या आधीचा. हॉफमननं हॅकमनकडे उसने पैसे मागितले. हॅकमन हो म्हणाला, आणि मग त्याला स्वयंपाकघरात बरण्या दिसल्या, पैशांनी भरलेल्या. एकीवर लिहिलेलं 'भाडं', दुसरीवर दुसरं काही. "अरे, तुझ्याकडे तर पैसे आहेत!" हॉफमननं एका रिकाम्या बरणीकडे बोट दाखवलं. तिच्यावर लिहिलं होतं 'जेवण'.

हसू येतं, पण हॉफमन मूर्ख नव्हता. भाड्याच्या बरणीत हात घातला असता तर महिनाअखेर डोक्यावर छप्पर राहिलं नसतं. डबा म्हणजे पैशाला घातलेलं कुंपण, आणि चिक्कू-उधळे या दोघांनाही त्याचा उपयोग होतो. उधळ्याला ते अडवतं. चिक्कूला ते मोकळं करतं: हे पैसे यासाठीच ठेवलेत ना, मग कर खर्च.

डब्याचा एक तिसरा उपयोगही असतो, तो म्हणजे कुणालातरी न दिसणं. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी देशभरातल्या स्वयंपाकघरांतून नोटा बाहेर पडल्या. आमच्या सासूबाईंनी तूरडाळीच्या डब्याच्या तळाशी ठेवलेली पुरचुंडी सासऱ्यांपुढे ठेवली. ३८,५०० रुपये. सासरे आयुष्यभर गल्ल्यावर बसलेले, पैचा हिशेब ठेवणारे. ते म्हणाले, "माझ्याच गल्ल्यातले?" सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याच. म्हणून तर राहिले." पुढे २०२१ साली आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणानं निकाल दिला, की नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी बँकेत भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम त्यांचं दडवलेलं उत्पन्न धरता येणार नाही. तूरडाळीच्या डब्याला कायद्यानं दिलेली ही पावतीच म्हणायची.

लपवणं म्हणजे फसवणं, असं सरसकट म्हणता येत नाही. नवा अश्रफ यांनी फिलिपिन्समध्ये केलेला प्रयोग बघा. तिथं पुष्कळ घरांत पैसा बायकोच्या हाती असतो. विवाहितांना थोडे पैसे देऊन विचारलं: कुठं ठेवता? ज्यांच्या घरी बचतीच्या चाव्या बायकोकडे होत्या अशा नवऱ्यांनी, बायकोला कळणार नाही असं असताना, ते स्वतःच्या खात्यात टाकले. बायकोला कळणार आहे असं असताना त्यांनी ते झटपट स्वतःसाठीच्या खरेदीत गुंतवून टाकले, म्हणजे परत मागता येणार नाहीत. आणि ठरवायच्या आधी दोघांना आपसांत बोलू दिलं, तेव्हा पैसे बायकोच्या खात्यात गेले. स्वभाव तोच, रक्कम तीच. फक्त कोण बघतंय आणि बोलणं झालं का, एवढा फरक. माणूस चिक्कू की उधळा हे आपण त्याच्यावर शिक्का मारून सांगतो, पण निम्मा शिक्का शेजारी बसलेल्याचा असतो.

पश्चिम केनियात सिमोन शॅनर यांनी जोडप्यांना बँकखाती उघडून दिली. काहींच्या सामाईक खात्याला व्याज जास्त, काहींच्या स्वतंत्र खात्याला. ज्या जोडप्यांत दोघांचा धीर सारखा होता, त्यांनी जास्त व्याजाचं खातं वापरलं. ज्यांच्यात एकाला आज हवं आणि दुसऱ्याला उद्यासाठी ठेवायचं, त्यांनी जास्तीचं व्याज सोडून आपापल्या खात्यात पैसे ठेवणं पसंत केलं. व्याज बुडालं तरी चालेल, पण दुसऱ्याच्या हाती लागता कामा नये. तूरडाळीच्या डब्याला तरी कुठं व्याज मिळतं?

मग खातं एकत्र ठेवावं की वेगळं? माझ्या भाच्याचं नुकतंच लग्न झालं. त्या दोघांनी एक मोबाइल अॅप घेतलंय, त्यात चहाचे वीस रुपयेही निम्मे निम्मे होतात. मला ते बघून कसंसंच झालं, आणि त्याला आधार मिळाला तो २०२३च्या एका अभ्यासात. जेनी ऑल्सन, रिक, स्मॉल आणि फिंकेल यांनी लग्न ठरलेली किंवा नुकतीच झालेली २३० जोडपी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काहींना सामाईक खातं उघडायला सांगितलं, काहींना वेगळंच ठेवायला, काहींना काहीच सांगितलं नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला. नव्या संसारातला गोडवा पहिल्या काही वर्षांत थोडा उतरतोच. सामाईक खातेवाल्यांचा उतरला नाही. 'मी तुला दिले, तू मला दिलेस' ही दुकानदारी मागे पडते आणि 'आपले' हा शब्द येतो, असं संशोधकांना वाटतं. दुसरा एक अभ्यास गमतीचा आहे: सामाईक खात्यातून खर्च करताना माणसं मौजेपेक्षा उपयोगाच्या वस्तू जास्त घेतात, कारण घरी गेल्यावर खुलासा द्यावा लागणार हे डोक्यात असतं.

पण ते २३० संसार अमेरिकेतले होते आणि दोघांच्याही हातात कार्ड होतं. जिथं सामाईक खात्याचं पासबुक एकाच्याच कपाटात असतं, तिथं 'आपले' या शब्दाचा अर्थ बदलतो. घर म्हणजे एक पाकीट, त्यात कुणीही पैसे टाकले तरी खर्च सारखाच होणार, असं अर्थशास्त्र बराच काळ मानत आलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मुलांसाठीची करसवलत बंद झाली, जी मुख्यतः बापाच्या पगारात दिसायची, आणि तिच्याऐवजी आईच्या हाती थेट भत्ता मिळू लागला. रक्कम घरातच येत होती, फक्त हात बदलला. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलाक आणि टेरेन्स वेल्स यांनी नंतर खर्चाचे आकडे तपासले: पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. पाकीट एक नव्हतंच. २०२४पासून महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' योजनेचे महिना १,५०० रुपये थेट बायकांच्या खात्यात येतात. त्यावर राजकारण काय ते चालू दे. मला उत्सुकता आहे ती मुलांच्या बुटांच्या दुकानांतल्या विक्रीची.

एक गोष्ट राहिली, आणि ती हसण्यासारखी नाही. आमच्या मावशीचे यजमान गेले तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, गणितात हुशार. पण मुदतठेवी कुठल्या बँकेत आहेत, विम्याचा हप्ता कधी असतो, मोबाइल बँकिंगचा पासवर्ड काय, तिला एकही उत्तर माहीत नव्हतं. काका बघायचे. एड्रियन वॉर्ड आणि जॉन लिंच यांनी २०१९ साली मांडलंय, की घरातले पैशाचे व्यवहार एकानं बघायला सुरुवात केली की त्याची समज वर्षागणिक वाढत जाते आणि दुसऱ्याची मागे पडत जाते. ते काम ज्याच्याकडे जातं तो सुरुवातीला जास्त हुशार असतोच असंही नाही. पुष्कळदा त्याला त्या वर्षी जरा सवड होती, एवढंच. मग ती सवड तीस वर्षं टिकते. मावशीनं सत्तराव्या वर्षी सगळं शिकून घेतलं, आणि आता ती आम्हाला म्युच्युअल फंडांवर ऐकवते.

त्या धक्क्यानंतर आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकत्र हिशेबाला बसायला लागलो. मी त्याला हे सगळे अभ्यास सांगितले. तो भेळ खात ऐकत होता. पुढच्या महिन्यात त्यानं माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 'रिक्षा', आत ६०० रुपये. म्हणाला, "हे गेले असं समज. आधीच गेले. मीटरकडे बघायचं नाही."

युक्ती नामी होती. कळ आधीच भोगून झालेली, वर कुंपणही घातलेलं. महिनाअखेर त्यानं पाकीट उघडलं तर आत २४० रुपये शिल्लक.

"तू चालत गेलीस?"

"तीनदाच."

त्यानं काही न बोलता चपला घातल्या. "चल, मस्तानी खाऊ." मी म्हटलं जवळच आहे, चालत जाऊ. त्यानं रिक्षाला हात केला. मी सवयीनं मीटर दिसेल त्या बाजूला बसले. त्यानं मला उठवलं आणि दुसऱ्या बाजूला बसवलं.